सेकंदाला पाच

उत्तमकाकांनी तिसरा पर्याय निवडला तेव्हा शाल्मलीला वाटलं, आपलंच समजावण्यात काहीतरी राहून गेलं. म्हणून तिने तिन्ही खोकी पुन्हा बाकावर ओळीने मांडली आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर या काका-पुतणीचं गॅरेज होतं. तिथे इंजिनाचं काम होत नसे, रंगकाम होत नसे. काम फक्त गाडीच्या खालच्या अंगाचं: स्प्रिंग, शॉकअप, बुश, अलाइनमेंट. तशीही २०४३ साली इंजिनं फारशी उरली नव्हती. जुन्या गाड्यांची इंजिनं काढून त्या विजेवर आणायची लाट आली होती आणि तिनेच गॅरेजला बरे दिवस दाखवले होते. बॅटरी बसवणारा बॅटरी बसवून मोकळा होई. आठशे किलोच्या गाडीच्या पोटात दीडशे किलो वाढले की ती वळणावर आधी कलते आणि मग वळते, हे मालकाला पहिल्याच घाटात कळे. मग तो इकडे येई.

आता खुद्द काकांची गाडी आली होती. सतरा वर्षांची छोटी हॅचबॅक, मागच्या दिवाळीत दोघांनी मिळून विजेवर आणलेली. वजन वाढल्यापासून तिची चाल बिघडली होती आणि डिसेंबरात कुंभार्ली घाटात चढाईची शर्यत होती. छोट्या गाड्यांच्या गटात काका बारा वर्षं उतरत होते. दोनदा तिसरे आले होते. पहिले कधीच आले नव्हते आणि त्याची खंत करताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

"हे पहिलं," शाल्मली म्हणाली. "कडक स्प्रिंग, साधे शॉकअप, जाड स्टॅबिलायझर. गाडी इंचभर खाली बसेल. वळणावर कलणार नाही, पण खड्ड्यात दात वाजतील. हे दुसरं. शॉकअपवर हे बटण, सोळा टप्पे. शर्यतीला कडक करायचं, घरी येताना सैल. आणि हे तिसरं, शिकणारा संच. तुम्ही ज्याला दहा वर्षं नावं ठेवलीत तो."

"तिसरा घाल," काका म्हणाले.

"काका, तुम्हीच म्हणता, गाडीनं बोललं पाहिजे. तोंड दाबलेली गाडी मला नको, असं तुम्ही मागच्या महिन्यात त्या पाटणच्या डॉक्टरांना सुनावलंत. ते बिचारे पैसे घेऊन आले होते."

"डॉक्टरांचं वय काय, माझं काय! माझी कंबर धरतीया आता." काका उजव्या हातातल्या फडक्याने पाना पुसत होते. गेली दोन-तीन वर्षं ते फडकं त्यांच्या हातातून सुटत नसे. "आणि तुझ्या काकीची मान. दर गुरुवारी चिपळूणला आईकडं जायचं आन् यायचं. घाट उतरताना निम्म्या वाटेत माझं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं सांगत असती."

वैशालीकाकी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी हे ऐकलं. "देवाला नाही, तुम्हालाच सांगते. तुम्ही ऐकत नाही म्हणून आवाज चढतो," त्या म्हणाल्या. "शालू, घाल गं बाई तो तिसरा. ह्यांचं मत बदललंय तोवर उरकून घे."

शाल्मलीने उरकून घेतलं. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी शहाणा होत असेल तर त्याला आडवं जाऊ नये, एवढाच विचार तिने केला. तिला पुढे या विचाराची लाज वाटणार होती.

या संचाची करामत त्याच्या तेलात होती. साध्या शॉकअपमध्ये साधं तेल असतं. ते बारीक भोकातून ढकललं जातं आणि त्या अडचणीमुळे स्प्रिंगचं उसळणं आवरतं. शिकणाऱ्या संचाच्या तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले होते. भोवतीच्या तारेतून वीज गेली की चुंबक जागा होई, कण एकमेकांना धरून साखळ्या करत आणि पातळ तेल सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात श्रीखंडाइतकं घट्ट होई. वीज थांबली की परत पातळ. हे तत्त्व जुनंच होतं. नवीन होतं ते एवढं की हेच तेल आता चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या आणि स्टिअरिंगच्या बुशांत, म्हणजे सांध्यांतल्या रबरी गाद्यांतही, भरलेलं असे. त्यामुळे चाकाचं तोंड एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने इकडेतिकडे सरकवणंही संचाच्या हाती आलं होतं.

आणि तो शिकत असे. पहिले हजार किलोमीटर तो गाडीची प्रत्येक थरथर टिपून ठेवी. शाल्मली गिऱ्हाइकांना सांगे, "कोणत्याही गाडीला दोन डोल असतात. एक बॉडीचा, संथ, सेकंदाला एक-सव्वा. दुसरा चाकांचा, जलद, सेकंदाला बारा-तेरा. आलेख काढला की दोन उंचवटे दिसतात. मधे सपाट. संच हे दोन्ही ओळखतो आणि ते उठायच्या आत दाबतो." मधल्या सपाट जागेत काही सापडलं तर संच तेही पहिल्या फेरीपासूनच दाबू लागे, पण तात्पुरतं. ते कायमचं करायचं तर गॅरेजवाल्याने आठ दिवसांत अहवालावर सही करून सांगायचं की ही थरथर कुठून येते. तिथे तीन चौकोन होते: गाडी, रस्ता, चालक. सही नाही झाली तर संच शिकलेलं विसरे आणि साधा शॉकअप होऊन बसे.

तिसरा चौकोन परिवहन खात्याने घालायला लावला होता. तो दाबला की अहवालाची प्रत खात्याकडे जाई, लायसन्स थांबे आणि वैद्यकीय तपासणीनंतर ठरेल ते ठरे. राज्यात तोवर चाळीस हजार अहवाल भरले गेले होते आणि त्यांत चालक लिहिलेले अकरा होते. गॅरेजवाला आणि गिऱ्हाईक यांचं नातं ज्याला माहीत आहे त्याला या आकड्याचं नवल वाटणार नाही. बाकी सगळं गाडीच्या नावावर खपत होतं आणि गाडी काही बोलत नव्हती.

संच बसवला त्या दुपारी पेल्याची फेरी झाली. ही या गॅरेजची जुनी रीत होती. काम झालेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक स्टीलचा पेला मेणाने चिकटवायचा, काठोकाठ पाणी भरायचं आणि ठरलेल्या चार किलोमीटरच्या फेरीवर न्यायचं. त्या फेरीत दोन गतिरोधक, एक चर, एक उलटसुलट वळण. परत आल्यावर पेल्यात पाणी कुठवर उरलं ते बोटाने मोजायचं आणि आतल्या भिंतीवर खडूने गाडीचा नंबर, तारीख आणि उरलेली बोटं लिहायची. फेरी काकांनीच मारायची आणि काकांनीच लिहायचं, ही त्या रीतीची दुसरी बाजू. गिऱ्हाइकं आलेखावर विश्वास ठेवत नसत, भिंतीवर ठेवत.

त्या दिवशी काका परत आले तेव्हा पेला भरलेला होता. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. काकी शेजारी बसून गेल्या होत्या, त्या उतरून म्हणाल्या, "गाडी हलतच नाही गं. मला वाटलं, अजून इथंच उभी आहे."

काकांनी स्टिअरिंगवरून एकदा तळहात फिरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाल्मलीला सुटकेसारखं काहीतरी दिसलं. कंबरेचं असेल, असं तिने धरून चाललं.

पुढचे तीन आठवडे काका भलतेच खुशीत होते. चिपळूणच्या फेऱ्या झाल्या, घाटात सराव झाला, एकदा कारण नसताना ते काकीला घेऊन कोयनेला जाऊन आले. हजार किलोमीटर पुरे झाले त्या शनिवारी शाल्मलीने अहवाल उघडला.

उंचवटे तीन होते.

पहिला सव्वाला, तिसरा साडेबाराला, जिथे असायला हवेत तिथे. आणि मधे, जिथे सपाट हवं तिथे, एक अरुंद टेकाड. सेकंदाला पाच.

"काका, काहीतरी ढिलं राहिलंय," ती म्हणाली.

काका पाटावर झोपून गाडीखाली सरकलेसुद्धा. पहिला संशय चाकावर गेला, कारण ताशी तीसच्या वेगाला या मापाचं चाक सेकंदाला पाचदाच फिरतं. चारही चाकांचं बॅलन्सिंग पुन्हा केलं. रविवारी दोघं पन्नास किलोमीटर फिरून आले. टेकाड जागेवर होतं. मग टाय रॉडचे एन्ड बदलले. मग लोअर आर्मचा बॉल जॉइंट, जो चांगला होता. सोमवारी मोटरचे माउंटिंग काढून नवे घातले. मंगळवारी काकांना वाटलं, ड्रायव्हर सीटचे बोल्ट असतील. चारही बोल्ट घट्ट होते तरी त्यांनी ते सोडवून परत आवळले.

"असंल गं, सापडंल," ते गाडीखालून म्हणत. "बारीक आवाजाची वस्तू शोधायला येळ लागतोच. त्या जत्रेकरांच्या गाडीत एक वायसर निघाला होता, आठव, तीन दिवसांनी."

काका एवढ्या हट्टाने काही शोधताना शाल्मलीने कधी पाहिलं नव्हतं. एरवी त्यांना दुसऱ्या दिवशी कंटाळा येई. आता ते दुपारचा चहा विसरत होते, आणि दर वेळी नवीन भाग घालून झाला की तिच्या हातातल्या पडद्याकडे निकाल पाहणाऱ्या मुलासारखे बघत होते. टेकाड तिथेच असे. थोडं उंच झालेलंच असे.

बुधवारी काका एका लग्नाला उंडाळ्याला गेले. शाल्मलीने गाडी काढली आणि एकटीच पाटणला जाऊन आली. जाता-येता सगळे वेग घेतले, वीस, तीस, साठ, ऐंशी. मल्हारपेठेच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर मुद्दाम दोनदा गेली. परत येऊन तिने आजचा आलेख काढला.

उंचवटे दोन. मधे सपाट.

गाडी तीच होती, रस्ता तोच होता. मग तिने कंपनीचा एकत्रित अहवाल बाजूला सारला आणि काकांच्या हजार किलोमीटरची नोंद वेगवेगळी करून पाहिली. हे तिने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण सस्पेन्शनवाल्याला थरथर दिसली की त्याचा हात पान्याकडे जातो, आणि तो वर कोण बसलंय ते बघत नाही.

आधी वेगाप्रमाणे. गाडीतला कुठलाही दोष वेग वाढला की बदलतो, चाक जलद फिरलं की त्याची थरथरही जलद होते. हे टेकाड तीसला पाच होतं आणि ऐंशीलाही पाचच. मग रस्त्याप्रमाणे. घाटातल्या वळणांवर, जिथे सगळं खडखडायला हवं, तिथे टेकाड जवळजवळ नाहीसं होत होतं. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ते वर येत होतं. म्हणजे स्टिअरिंगवरचा हात कामात असला की थरथर नाही. हात नुसता विसावला की आहे.

तिने एक गोष्ट आणखी पाहिली आणि तिला ती पाहायची नव्हती. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यापासून ब्रेकवर पडेपर्यंतचा वेळ. काकांना तिच्यापेक्षा पाव सेकंद जास्त लागत होता. साठच्या वेगाला पाव सेकंद म्हणजे चार मीटर. संच तेही शिकला होता. पाय उचलला जाताच तो पुढचे शॉकअप घट्ट करून ठेवत होता, म्हणजे उशिरा आणि जोरात पडलेल्या ब्रेकने गाडी नाक खुपसणार नाही. कोणाला काही जाणवणार नाही.

सेकंदाला चार ते सहा, विसावलेल्या हाताला, हालचालीत मंदपणा. ही लक्षणं कंपवाताची, पार्किन्सनची, हे शोधायला तिला पाच मिनिटं लागली. त्याच मजकुरात खाली एक ओळ होती, की पुष्कळदा अक्षर आधी बारीक होत जातं, आणि घरच्यांच्या ते लक्षात येत नाही.

शाल्मली उठली आणि आतल्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

चौदा वर्षांच्या पेल्यांच्या नोंदी तिथे होत्या, डावीकडून उजवीकडे. डाव्या टोकाला काकांचे आकडे तळहाताएवढे होते, नऊ आणि सात खडूच्या धुरळ्यासकट भिंतीवर फेकल्यासारखे. मधेही तसेच. मग तीन वर्षांपूर्वीच्या आसपास ओळी आखडायला लागल्या होत्या. उजवीकडे सरकत गेलं तसे आकडे बोटाएवढे झाले, मग पेराएवढे. शेवटची नोंद काकांच्या स्वतःच्या गाडीची होती आणि ती वाचायला तिला जवळ जावं लागलं. भिंत कमी पडेल म्हणून काका जागा वाचवतायत, असं तिने एकदा गिऱ्हाइकाला हसत सांगितलं होतं.

वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. पाना कसा धरायचा ते याच हातांनी तिला शिकवलं होतं. ती भिंतीशी उभी राहून रडली आणि मग तोंड धुऊन एका रिक्षाचं काम संपवायला बसली.

सहीची मुदत शनिवारची होती. तीन दिवस तिने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. गाडी लिहिलं तर काका डिसेंबरात घाट चढणार होते, कदाचित पुढच्या डिसेंबरातही, आणि दर गुरुवारी काकी त्यांच्या डावीकडे बसून कुंभार्ली उतरणार होत्या. चालक लिहिलं तर पेल्याची फेरी त्याच दिवसापासून बंद. काकांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं. दोन्हीकडे काकाच उभे होते आणि दोन्हीकडून तिच्याकडे बघत होते.

शनिवारी सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आत तिने पेला आणला, मेण लावलं आणि काकांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवला. पाणी भरलं. गाडी शेडमध्येच होती, बंद.

"फेरी मारायची व्हय?" काका म्हणाले.

"नाही. नुसतं बसा. मी पण बसते."

ते बसले. ती डाव्या सीटवर बसली. बंद गाडीत संच झोपलेला असतो, बुशांमधलं तेल पातळ पडून असतं.

"हात ठेवा. सरळ रस्त्याला ठेवता तसा."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग फडकं मांडीवर ठेवलं आणि उजवा हात स्टिअरिंगवर टाकला. दोघंही पेल्याकडे बघत राहिले. पाव मिनिट काही झालं नाही. मग पाण्याच्या काठाशी एक बारीक वर्तुळ उठलं, त्याच्या मागे दुसरं, आणि मग ती थांबेनात.

"पंखा बंद कर," काका म्हणाले. "वाऱ्यानं हलतंय."

शाल्मली उतरली, पंखा बंद केला आणि पुन्हा येऊन बसली. पंख्याची पाती हळूहळू मंदावली. पाती थांबली. पाणी हलत होतं.

"किती?" काकांनी विचारलं.

"सेकंदाला पाच."

"मी मोजलं नव्हतं." त्यांनी हात उचलून मांडीवर घेतला, फडक्याखाली. पेला शांत झाला. "हातात दोन-तीन वर्षं आहे. गेल्या गणपतीच्या आधीपासनं स्टिअरिंगवर उतरलं. सरळ रस्त्याला गाडी नाक हलवायला लागली. तुझी काकी म्हणाली, गाडी झिंगल्यासारखी का चालतीया. म्हटलं, वजन वाढलंय, सस्पेन्शन करायला झालंय."

"म्हणून तिसरा."

"पहिला घातला असता तर तिला एका दिवसात कळलं असतं. तुला पण." त्यांनी मांडीवरचं फडकं सारखं केलं. "तिसरा घातला आन् स्टिअरिंग हातात गप झालं बघ. मला वाटलं, खरंच गाडीचंच होतं. मग तुझं ते टेकाड निघालं. तवाही म्हटलं, बुश असंल. बॉल जॉइंट असंल. मला वाटलं, सापडंल काहीतरी."

गाडीखाली झोपून काका चार दिवस काय शोधत होते ते शाल्मलीला आता कळलं.

"काका, बुशाला सरकायला दोन्ही बाजूंना मिळून चार मिलिमीटर जागा असते," ती म्हणाली. "आत्ता तुमची थरथर सव्वा मिलिमीटरात बसते. हे वाढणार. दोन होईल, तीन होईल, तरी तुम्हाला, काकीला, कोणालाच काही कळणार नाही, कारण संच सगळं गिळत राहणार. साधी गाडी हळूहळू सांगत जाते. ही सांगणार नाही. आणि मग चारच्या वर गेलं की…"

"बूड टेकणार," काका म्हणाले.

"एकदम. सगळी थरथर एका क्षणात चाकात उतरणार. आणि ते कुठल्या रस्त्यावर होईल ते आपल्या हातात नाही. डाव्या सीटवर काकी असते. मला भीती वाटते."

काकांनी नजर समोरच्या भिंतीकडे वळवली. डॉक्टरने शंभरदा सांगितलं असतं तरी त्यांना जे पटलं नसतं ते चार मिलिमीटरांनी पटलं असावं. हा हिशेब त्यांनी स्वतः कित्येक गिऱ्हाइकांना सांगितलेला होता.

"गाडी लिहिलंस तर मी डिसेंबरात चढीन," ते म्हणाले.

"चढाल. चांगले चढाल."

"आन् तू ते लिहायला तयार आहेस?"

"तीन दिवस झाले, मला ठरवता येत नाहीये," शाल्मली म्हणाली. ते खरं होतं. "औषधं आहेत काका. लवकर सुरू केली तर पुष्कळ वर्षं चांगली जातात, म्हणतात. लायसन्सही कधी कधी परत देतात. सगळ्यांना नाही देत."

"भिंतीवरचं बघितलंस व्हय?"

"बघितलं."

"मलाही दिसत होतं. मोठं काढायला जायचो, निघायचं बारीकच." त्यांनी हात पुढे केला. "आण ते इकडं."

तिने पडदा त्यांच्या मांडीवर ठेवला. तीन उंचवट्यांचा आलेख, खाली गाडीचा नंबर आणि त्याखाली तीन चौकोन, एकमेकांना खेटून. काकांनी चष्मा नाकावर नीट केला. उजव्या हाताची तर्जनी पुढे आली, चौकोनांवर क्षणभर घुटमळली आणि थरथरत टेकली ती मधल्याच चौकोनावर. 'रस्ता' हिरवा झाला.

शाल्मलीने मदतीला हात पुढे केला, पण काकांनी मान हलवली.

"रस्त्याला कशाला नाव ठेवायचं," ते म्हणाले. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि शेवटचा चौकोन दाबला.